घाबरलेल्या माणसासाठी लिहिलेलं पान

आमच्या कारखान्यात सगळ्यात भित्रं माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं, तर गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी एकच नाव घेतलं असतं. गायकवाड बाई. फोन वाजला की त्या खुर्चीतून उठून उभ्या राहत. शिपायानं दार जोरात लावलं की त्यांचा हात गळ्याशी जाई. पाल, कुत्रा, वीज, एसटीचा नवा ड्रायव्हर, साहेबांनी हाक न मारता नुसतं बोटानं बोलावणं, काहीही पुरे होई. लोक हसत. सुरुवातीला मीही हसलो. पुढे दोन वर्षांत त्यांनी मला जी भीती शिकवली ती अजून माझ्या अंगात आहे, आणि ती जावी असं मला कधी वाटलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आमचा रसायनांचा कारखाना होता. तिथं नवाच कॉम्प्युटर आला होता, दोन गोदरेज कपाटांएवढा. तो टाक्यांचं तापमान मोजी, आणि पडद्यासमोर बसून बरोबर आदेश टाइप केला की लांबवरच्या झडपा उघडी, बंद करी. ते आदेश ज्या प्रोग्रामवर चालत ते लिहायला मला घेतलं होतं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती.

प्रत्येक प्रोग्रामबरोबर त्याच्या माहितीचं एक पान लिहायचं, ही पद्धत त्या मशीनबरोबरच परदेशातून आली होती. पानाचा साचा ठरलेला. वर प्रोग्रामचं नाव, मग तो कसा वापरायचा ती ओळ, मग वर्णन, पर्याय, उदाहरण आणि सगळ्यात शेवटी इशारे. जी अक्षरं जशीच्या तशी टाइप करायची ती ठळक छापायची. ज्या शब्दाच्या जागी वापरणाऱ्यानं आपलं काही घालायचं, त्या शब्दाखाली रेघ मारायची. मी पानं इंग्रजीत खरडत असे. पण ऑपरेटर म्हणजे पोशीर, नेरळ, चौक इथली आयटीआय झालेली माणसं. त्यांच्यासाठी ती पानं मराठीत करायचं काम ऑफिसातल्या टायपिस्टकडे, म्हणजे गायकवाड बाईंकडे आलं.

चाळिशीच्या असतील. कर्जतला भिसेगावात राहायच्या, रोज एसटीनं यायच्या. मेजावर दोन टाइपरायटर शेजारी शेजारी, एक मराठी, एक इंग्रजी. मराठी मजकूर टाइप करताना आदेशापुरती जागा कोरी सोडायची, मग तोच कागद काढून इंग्रजी मशीनला लावायचा आणि त्या कोऱ्या जागेत आदेश बसवायचा. तो ठळक दिसावा म्हणून मागे जाऊन तीच अक्षरं पुन्हा त्याच जागी मारायची. एका पानाला अर्धा दिवस लागे. केसाएवढंही अक्षर सरकलं तर त्या कागद काढून पहिल्यापासून बसत.

मी दिलेलं पहिलंच पान मराठीत करून त्या माझ्या मेजापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"पाटणकर साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"इथं 'TANK' असं लिहिलंय. तर ऑपरेटरनं ही अक्षरं टाइप करायची, का टाकीचा नंबर?"

"नंबर, अर्थातच. खाली रेघ आहे ना."

"रेघ म्हणजे नंबर, हे त्याला कुणी सांगितलंय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दारावरून जनू चालला होता, पोशीरचा ऑपरेटर, भाताची शेती सांभाळून कामावर येणारा, सांगितलं तेवढंच आणि तसंच करणारा माणूस. बाईंनी त्याला हाक मारली. "जनू, इकडं ये रं जरा. हे पान वाच, आणि त्यात लिहिलंय तस्संच कर."

माझ्या खोलीत चाचणीचा एक वेगळा पडदा होता, झडपांना न जोडलेला. जनू बसला, एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यानं आदेश टाइप केला आणि पुढे, पानावर होता तसाच, 'TANK' हा शब्द. मशीन त्याला चूक म्हणेल असं मी धरून चाललो होतो. मशीननं ते मुकाट्यानं घेतलं. पडद्यावर एक ओळ उमटली. मी वाकून वाचली. सगळ्या टाक्यांच्या सगळ्या झडपा उघडल्याचं मशीन सांगत होतं. नंबर सापडला नाही म्हणून माझ्या प्रोग्रामनं शून्य धरलं होतं, आणि शून्याचा अर्थ मीच 'सगळ्या' असा ठेवला होता.

"काय झालं, साहेब?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. हा पडदा झडपांना जोडलेला नाहीये."

"जोडलेला असता तर?"

त्यांना मला खिजवायचं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. जनूनं हात उचलून मांडीवर ठेवले आणि तो म्हणाला, "मी लिवलंय त्येच केलं, साहेब. माजी चूक नाय."

त्या दिवसापासून मी पानं बाईंना न विचारता पुरी करणं सोडलं.

त्यांचे नियम हळूहळू कळत गेले. प्रत्येक पानाच्या माथ्यावर चौकट हवी: ठळक ते तसंच टाइप करा, रेघेवरच्या शब्दाच्या जागी तुमचा आकडा घाला. हे दर पानावर, मागच्या पानावर सांगितलं असलं तरी. पायऱ्या चालू असताना पान संपता कामा नये. 'इत्यादी' हा शब्द त्यांनी माझ्या सगळ्या पानांतून उपटून काढला. "इत्यादीत काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे, साहेब. त्याला काय माहीत?" आणि सगळ्यात कडक नियम 'नका'चा. 'उघडू नका' मधला 'नका' कधी पुढच्या ओळीवर जाऊ द्यायचा नाही. ओळ संपत आली तर आख्खं वाक्य खाली ओढायचं, वर जागा कितीही मोकळी राहो. एकदा साहेबांच्या एका परिपत्रकात तसा तुटलेला 'नका' त्यांना दिसला. बोर्डावरच्या त्या कागदापाशी त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. शेवटी पेन काढून त्यांनी 'नका' वरच्या ओळीच्या टोकाला लिहिला, आणि दिवसभर आपल्याला आता मेमो येणार म्हणून घाबरून राहिल्या.

"एवढं कोण बारकाईनं वाचतं, बाई?" मी एकदा म्हणालो.

"वाचणारा घाबरलेला आहे असं धरा, साहेब. निवांत माणूस कशाला हात लावील या पानांना?"

हे त्यांच्यात कुठून आलं ते मला खालापूरच्या एसटी थांब्यावर कळलं. तहसील कचेरीत कारखान्याचे काही कागद द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. गाडी येत नव्हती. समोर चहाच्या टपरीवर पाटी होती, तिच्यावरची अक्षरं बघत त्या अचानक बोलायला लागल्या.

त्यांचे वडील एका गिरणीत बॉयलरवर होते. छप्पन साली घरानं धम्म घेतला. त्यानंतर वडील पस्तिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकले. वाचता येतं याचा त्यांना एवढा आनंद, की रस्त्यातली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत. "मला बरोबर घेऊन वाचायचे. 'येथे थुंकू नये' सुद्धा एखादं गाणं म्हणावं तसं." गिरणीत बॉयलरपाशी सूचनांचा नवा फलक लावला. वडिलांनी तो एकेक ओळ वाचत, एकेक ओळ करत कामाला सुरुवात केली. तिसरी ओळ होती, झाकण सैल करा. त्यांनी सैल केलं. चौथी ओळ होती, सैल करण्यापूर्वी आतली वाफ पूर्ण गेल्याची खात्री करा.

"डोळे गेले. तोंड भाजलं. पुढं अकरा वर्षं जगले, पण खाटेवरच. मी त्यांना पेपर वाचून दाखवायची." मग पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "साहेब, मला एकच गोष्ट सारखी वाटते. बाबांना वाचता येत नसतं, तर त्यांनी कुणाला तरी विचारलं असतं."

गाडी आली. आम्ही चढलो.

म्हणून त्यांच्या पानांवर इशारा कृतीच्या आधी येई. परदेशी साच्यात तो शेवटी असे, बाईंच्या पानात ज्या पायरीत धोका त्या पायरीच्या वर, चौकटीत. ऑपरेटरांना तेच सोयीचं होतं. पण वर्षभरानं मुख्य कचेरीतून तपासणीला माणसं आली आणि त्यांना आमची पानं साच्यात बसत नाहीत असं दिसलं. आमचे व्यवस्थापक मोघे साहेब यांनी बाईंना आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"सगळ्या कारखान्यांची पानं एकसारखी पाहिजेत. इशारे शेवटी, एकत्र. पंधरा दिवसांत सगळी पानं बदला."

बाई म्हणाल्या, "साहेब, मला भीती वाटते."

"कशाची?"

"ते शेवटपर्यंत वाचणार नाहीत."

"भीती वाटते हे कारण फायलीत लिहिता येत नाही, बाई. पाटणकर, तुमचं काय म्हणणं?"

मला बाईंचं म्हणणं पुरतं पटलेलं होतं. खालापूरच्या थांब्यावर मीच तर त्यांच्याशेजारी बसलो होतो. पण मोघे साहेब माझ्या बढतीचा अहवाल लिहीत होते. मी म्हणालो, "साच्याप्रमाणे करायला हरकत नाही, सर." बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पंधरा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून सगळी पानं नव्यानं टाइप केली, एकही अक्षर न सरकवता. प्रत्येक पानाखाली तपासल्याची सही माझी होती.

चैत्रातली दुपार होती. जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी काही कामानं कंट्रोल रूममध्ये गेलो होतो आणि जनू पडद्यासमोर होता. तीन नंबरच्या टाकीला गार ठेवणाऱ्या पाण्याचा पंप बंद पडला. तापमानाचा आकडा चढायला लागला. आधी मिनिटाला एक, मग दोन, मग इतका भराभर की बघवेना. धोक्याचा भोंगा सुरू झाला. काचेतून अंगणात माणसं गेटाकडे पळताना दिसली. तीनमधला माल रिकाम्या सात नंबरच्या टाकीत सोडायचा, हा त्यावरचा उपाय. त्यासाठीचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. पण त्या क्षणी मला त्यातलं एक अक्षर आठवेना. कानात भोंगा भरला होता. आपण इथं मरणार, एवढी एकच गोष्ट मला स्वच्छ दिसत होती.

"साहेब, काय करू?" जनू ओरडला.

"पान! पान काढ!"

त्यानं फाइल ओढली, पान काढलं, आणि एक ओळ वाचायची, एक ओळ टाइप करायची असं सुरू केलं. तीनच्या खालची झडप उघडा. त्यानं आदेश टाइप केला. आता फक्त शेवटचं बटण दाबायचं होतं. मी त्याच्या खांद्यावरून पाहत होतो आणि मला सगळं ठीक वाटत होतं.

दार धाडकन उघडलं. गायकवाड बाई आत आल्या. बाहेर पळणाऱ्या सगळ्या लोकांच्या उलट्या दिशेनं त्या अंगण ओलांडून आल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी झडप घालून जनूचं मनगट धरलं.

"थांब रं! मागं बघ. पानाच्या मागं बघ!"

जनूनं पान उलटलं. पाठीमागे, सगळ्यात तळाला, तो इशारा होता. सातची हवेची झडप आधी उघडा, नाहीतर टाकी फुटेल.

पुढची पाचेक मिनिटं बाई बोलत होत्या आणि जनू टाइप करत होता. त्यांना त्यांचं जुनं पान पाठ होतं. प्रत्येक ओळीला त्या थांबत, जनूकडून ती मोठ्यानं म्हणवून घेत, मग "दाब" म्हणत. त्यांचा आवाज इतका कापत होता की काही शब्द पुन्हा म्हणावे लागत. मी भिंतीला टेकून उभा होतो. मी काहीही केलं नाही. काचेबाहेर सातच्या माथ्यावरून पांढरा धूर सुटला. तापमानाचा आकडा थांबला, आणि मग सावकाश उतरायला लागला. तेव्हा बाई तिथंच फरशीवर बसल्या आणि त्यांना उलटी झाली.

दुसऱ्या दिवशी मोघे साहेबांनी तोंडीच सांगितलं की पानं पूर्वीसारखी करा. बाईंनी ते ऐकलं, मान हलवली. मग माझ्याकडे आल्या. त्या पानाखालच्या सहीबद्दल बोलतील असं वाटून मी तयारीत होतो. मला माफी मागायची होती. त्यांनी वेगळंच विचारलं.

"साहेब, सातची हवेची झडप उघडली तेव्हा जो पांढरा धूर गेला, तो कुठं गेला?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. कारखान्याच्या कुंपणापलीकडे भाताची मोकळी खाचरं, आणि त्यापलीकडे चढावर ठाकरवाडी होती, पंधरावीस झोपड्यांची.

आम्ही दोघं चालत गेलो. वाडीतल्या बायांचे आणि पोरांचे डोळे लाल होते. दोन बायांना रात्रभर ओकाऱ्या झाल्या होत्या. एक पोर डोळे उघडायलाच तयार नव्हतं, आईच्या मांडीत तोंड खुपसून पडलं होतं. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. हिरूबाई नावाची म्हातारी पुढे आली.

"भोंगा ऐकू आला नाही का?" मी विचारलं.

"आला की. भोंगा रोजच वाजतो तुमचा. आमाला वाटलं जेवायची सुट्टी सपली."

तिचं खरं होतं. धोक्याचा, सुट्टीचा, पाळी बदलण्याचा, सगळ्यांना भोंगा एकच होता. किती वेळ वाजतो एवढाच फरक, आणि तो फक्त आम्हाला माहीत. बाईंनी पिशवीतून वही काढली आणि वारा कुठून येतो ते कसं ओळखायचं, धूर आला की वाऱ्याला आडवं कसं पळायचं, ते समजावून सांगायला लागल्या. म्हातारीनं त्यांना मध्येच थांबवलं.

"बाय, वारा नको शिकवू. वारा आमाला ठावा हाय. कवा पळायचं त्येवढं सांग."

बाईंनी वही मिटली. परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "एवढी पानं लिहिली, साहेब. यांच्यासाठी एक ओळसुद्धा नाही लिहिली."

त्या संध्याकाळीच त्या मोघे साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. या वेळी मी न बोलावता त्यांच्या मागून गेलो. वाडीसाठी वेगळा भोंगा पाहिजे, वेगळ्या आवाजाचा, दुसऱ्या कुठल्याही कामाला न वाजणारा, असं त्यांनी सांगितलं. साहेब काहीतरी म्हणणार होते. मी म्हणालो, "सर, कालच्या पानावर सही माझी होती. हे मी लिहून द्यायला तयार आहे." आदल्या दुपारी गेटाबाहेर पळालेल्यांत साहेबही होते. त्यांनी भोंग्याच्या कागदावर सही केली. माझी बढती त्या वर्षी झाली नाही, आणि पुढच्या महिन्यात माझी दुसरीकडे बदली झाली.

मी जाण्याच्या आदल्या आठवड्यात भोंगा बसला. कुंपणापाशी उंच खांब, त्यावर कर्णा. वाडीपर्यंत ऐकू जातो का ते बघायचं होतं. सकाळी अकराची वेळ बाईंनी ठरवली. त्या स्वतः वाडीत जाऊन उभ्या राहणार, ऐकू आलं की छत्री वर करणार. मी खांबाखाली बटणापाशी होतो आणि जनू वर चढून बसला होता.

मी बटण दाबलं. लांबवर बाईंची पांढरी साडी दिसत होती. छत्री वर गेली नाही. जनूनं पाना लावून कर्णा थोडा वाडीकडे वळवला. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा त्यानं तो आणखी खाली झुकवला. मी अंगठा ठेवला आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिलो.

छत्री वर गेलीच नाही. वरून जनू ओरडला, "साहेब! बाई पळत्यात!"

चढावरून सगळी वाडी धावत सुटली होती. पोरं पुढे, बाया मागे, कुणाच्या काखेत तान्हं, हिरूबाईला दोघींनी दोन्हीकडून धरलेलं. आणि त्यांच्यात गायकवाड बाई, एका हातानं निऱ्या उचललेल्या, दुसऱ्या हातात कुणाचं तरी पोर. ही चाचणी आहे हे त्यांना माहीत होतं. वेळ त्यांनीच ठरवली होती. पण त्यांच्या पळण्यात जराही खोटेपणा नव्हता. मरण पाठीशी लागल्यावर माणूस पळेल तशा त्या पळत होत्या. खाचराच्या बांधाला अडखळून पडल्या, उठल्या, पोराला पुन्हा ओढून घेतलं आणि मागे वळून न बघता करवंदीच्या जाळ्यांकडे गेल्या.

"बास करा, साहेब!" जनू म्हणाला. "ऐकू गेलंया त्यांना."

ती सगळी जाळ्यांपलीकडे दिसेनाशी झाली, तरी माझा अंगठा बटणावरून निघेना.